बाटलीवरचं नाव आणि आपली निंबोळी

मागच्या खरिपात आमच्या गटातल्या एका ताईनं कपाशीवरच्या माव्यासाठी दुकानातून औषधाची बाटली आणली. लेबलावर नाव होतं अझाडिरॅक्टिन. बैठकीत आम्ही सगळ्यांनी ते वाचून पाहिलं, सगळ्यांचीच जीभ अडखळली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कडुलिंबाच्या बियांपासून. ताईनं कपाळाला हात लावला. उन्हाळ्यात तिनंच निंबोळ्या व्यापाऱ्याला किलोच्या भावानं घातल्या होत्या!

मग आम्ही या नावाचा माग काढला. शब्द मूळचा फारसी निघाला. 'आझाद' तर आपल्याला ठाऊकच आहे, मुक्त. 'दरख्त' म्हणजे झाड. इराणात 'आझाद दरख्त' म्हणतात ते आपल्या बकाण निंबाला, कडुलिंबाच्या भावकीतल्या झाडाला. १७५३ साली स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञानं झाडांना लॅटिन नावं दिली, तेव्हा हा फारसी शब्द दोन्ही झाडांच्या नावांत घातला. १८३० मध्ये फ्रान्सच्या द ज्यूस्यू यांनी कडुलिंबाचं नाव अझाडिरॅक्टा इंडिका केलं. झाड आपलं, पण शास्त्रातलं नाव इराणातल्या भावकीचं. इंडिका म्हणजे भारतातलं, तेवढंच काय ते आपलं.

आपला शब्द संस्कृत 'निंब'. मराठीत झाडाचा झाला लिंब, फळानं मात्र जुना 'नि' सोडला नाही, निंबोळीच राहिली. हा शब्दही शास्त्रात पोचला आहे बरं का. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी निंबोळीच्या तेलातून तीन कडू पदार्थ वेगळे काढले. नावं ठेवली निंबिन, निंबिनिन, निंबिडिन. ही नावं वाचून आम्हाला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण किडीला अन्नावरून उठवणारा पदार्थ नंतर सापडला. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली, तेव्हा टोळांनी कडुलिंब तेवढा सोडला, हे जर्मनीच्या श्मुटरर यांनी पाहिलं. १९६८ साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून टोळांना खाऊ न देणारा पदार्थ वेगळा केला. नाव आलं झाडाच्या लॅटिन नावावरून. तेच आपल्या बाटलीवर.

यंदा ताईनं निंबोळ्या विकल्या नाहीत. वाळवून, कुटून ठेवल्या आहेत, शंभर लिटर पाण्याला पाच किलो या हिशेबानं. डब्यावर खडूनं लिहिलंय, 'निंबोळी'. खाली धाकट्या लेकीनं हळूच जोडलंय, 'म्हणजेच अझाडिरॅक्टिन'.