लांकडांची साक्ष

पोलंडमध्यें स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान जो घटक, त्यास तेथें ‘ग्मिना’ म्हणतात. आपल्याकडील दहावीस गांवांचा मिळून एक गट असावा, तसा तो असतो. पोझनान शहराच्या ईशान्येस गोंसावा नांवाची अशी एक ग्रामीण ग्मिना आहे. हिमयुगांतील बर्फानें कोरलेलीं लांबट सरोवरें, त्यांस जोडणारी लहानशी गोंसावका नदी आणि सभोंवार शेतें, असें तिचें भूवर्णन. येथील मार्चिन्कोवो गांवीं पोलंडचा अधिपति लेशेक इ. स. १२२७ मध्यें मारेकऱ्यांच्या हातून पडला. परंतु या मुलखाची कीर्ति झाली ती एका शाळामास्तरामुळें.

१९३३ सालीं बिस्कुपिन गांवचे शिक्षक वालेंती श्वायत्सेर विद्यार्थ्यांसह सरोवराकांठीं गेले असतां, पाण्यांतून डोकावणारे लांकडी खांब त्यांच्या दृष्टीस पडले. हे मानवी हातांचें काम आहे हें ओळखून त्यांनीं पोझनानचे प्राध्यापक युझेफ कोस्त्शेव्स्की यांस कळविलें. पुढील वर्षीं उत्खनन सुरू झालें आणि चिखलाखालून एक संबंध वसाहत वर आली. लांकूड व माती यांचा तट, ओंडके अंथरलेले अरुंद रस्ते, आणि ओळींनीं उभीं अशीं सुमारें शंभर घरें. घरें बहुतेक एकाच मापाचीं. राजवाडा म्हणावा असें त्यांत एकहि नाहीं! ओल्या दलदलींत हवा न शिरल्यानें लांकूड कुजलें नव्हतें. वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून त्यांतील निम्म्याहून अधिक लांकूड इ. स. पू. ७३८-७३७ च्या हिवाळ्यांत तोडलें होतें, असें पुढें ठरलें.

मात्र ही वसाहत कोणाची, यावरून वाद पेटला. पोलिश पंडित तिला स्लाव पूर्वजांची म्हणत. १९३९ सालीं देश व्यापणाऱ्या जर्मन सत्तेनें गांवाचें नांवच बदललें, व जर्मन पूर्वजांच्या शोधार्थ स्वतः खोदाई चालविली. शेवटीं माघार घेतांना तिनें तें स्थळ वाळूनें बुजविलें. नाशासाठीं लोटलेल्या त्या वाळूनेंच अवशेषांचें रक्षण केलें, हा दैवाचा केवढा विनोद!

आज तेथें संग्रहालय आहे. विद्वान त्या लोकांस लुसातियन संस्कृतीचे म्हणतात. परंतु त्यांनीं एकहि लेख मागें न ठेविल्यामुळें त्यांची भाषा कोणास ठाऊक नाहीं. अशा अवशेषांत जमिनीचें खरेदीखत शोधणें व्यर्थ होय. ते खांब एवढीच साक्ष देतात कीं, पावणेतीन हजार वर्षांपूर्वीं येथें माणसांनीं भिंतीला भिंत लावून शेजारधर्म पाळला.