बूस्टर दरवर्षी हवाच का? कुत्र्यांच्या लसीचा छोटा इतिहास

कुत्र्याला बूस्टर दिला आणि संध्याकाळपर्यंत तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या. मग घरात ठरतं, 'पुढच्या वर्षी लसच नको.' थांबा. अमेरिकेत या प्रश्नाचं काय झालं, ते आधी ऐका.

तिकडे दरवर्षी सगळे बूस्टर द्यायची पद्धत पडली होती. पण १९७८ सालीच रोनाल्ड शुल्ट्झ आणि स्कॉट या संशोधकांनी सुचवलं होतं : पिल्लाचे डोस पूर्ण करा, वर्षाने एक बूस्टर द्या, पुढे तीन वर्षांतून एकदा पुरे. हे अधिकृत मार्गदर्शनात यायला २००३ उजाडलं. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनने डिस्टेंपर, पार्वोसाठी तीन वर्षांचं अंतर सांगितलं.

२००५ मध्ये मोठा डेटा आला. १२ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. लसीनंतर तीन दिवसांत त्रास झाला दर १० हजारांत साधारण ३८ कुत्र्यांना. लहान चणीच्या कुत्र्यांना धोका जास्त, आणि एकाच दिवशी जितक्या लसी जास्त, तितका तो आणखी वाढतो.

म्हणजे मालकांची भीती खोटी नव्हती. पण उत्तर 'लस बंद' हे नव्हतं, वेळापत्रक बदलणं हे होतं. त्यामुळे मागच्या वेळचा त्रास डॉक्टरांना आधी सांगा, लसी वेगवेगळ्या दिवशी देता येतील का विचारा. आणि रेबीजची लस? आपल्याकडे ती चुकवायची नाही, म्हणजे नाहीच.