मेट : ब्रह्मगिरीच्या अंगावरची पहाऱ्याची वाट

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वराहून ब्रह्मगिरीची फेरी निघते. कुशावर्तावर स्नान करून माणसे प्रयागतीर्थ, पहिने, धाडोशी, सापगाव अशी सुमारे वीस किलोमीटर चालत डोंगराला वळसा घालतात. या फेरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. विठ्ठलपंतांचे कुटुंब, रात्रीचा वाघ, चुकामूक झालेले निवृत्तिनाथ आणि गहिनीनाथांची गुहा, ही कथा तर घरोघरी ठाऊक असते. मला लिहायचे आहे ते त्याच डोंगराच्या, पण बऱ्याच वरून जाणाऱ्या दुसऱ्या वाटेविषयी. या वाटेला माहात्म्य नाही, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे कुणी इतिहास म्हणून पाहिले नाही.

ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९५ मीटर. सह्याद्रीतल्या इतर डोंगरांसारखा तोही लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला. भूगर्भशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. नाव अगदी नेमके आहे. खाली उतार, मग कडा, कड्याच्या माथ्यावर अरुंद सपाटी आणि त्या सपाटीवर पुन्हा उभा कडा. वाट जाते ती या मधल्या सपाटीवरून. एका बाजूला भिंतीसारखा कातळ, दुसऱ्या बाजूला पोकळी. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून कोसळणाऱ्या धारा ही सपाटी ओलांडून खालच्या कड्यावरून पुन्हा उडी घेतात, आणि चालणाऱ्याला दर थोड्या अंतरावर पाण्यातून जावे लागते.

या सपाटीवर लहान लहान वस्त्या आहेत. त्यांची नावे ऐका : गंगाद्वार मेट, महादरवाजा मेट, सुपलीची मेट. महसुली दप्तरात गावाचे नावच ‘मेटघर किल्ला’. मेट म्हणजे गडाच्या अंगावर, मुख्य कड्याच्या खाली बसवलेली पहाऱ्याची चौकी. गडाचे दरवाजे माथ्याशी असतात. शत्रू दरवाजापर्यंत पोचल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून खालच्या टप्प्यावर, जिथून वाटा आणि खिंडी दिसतात अशा जागा निवडून तिथे माणसे ठेवायची. आज जिथे उभे राहून आपण ‘काय देखावा आहे!’ म्हणतो, ती जागा कुणीतरी देखाव्यासाठी नव्हे, नजर ठेवण्यासाठी निवडलेली होती. मेटवस्त्यांना जोडणारी पायवाट म्हणजे माझ्या मते गस्तीची वाट. तसे लिहिलेला कागद मी दाखवू शकत नाही, पण नावे आणि जागा इतक्या चोख जुळतात की योगायोग म्हणवत नाही.

राखण्यासारखे तिथे होतेही. पश्चिमेला गोंदा घाटाने कोकणातून नाशिककडे माल यायचा; हरिहर आणि भास्करगड हे त्याच वाटेवरचे पहारेकरी. त्र्यंबकचा किल्ला १६३६मध्ये शहाजीराजांना मोगलांच्या हवाली करावा लागला, १६७०मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. शेवटची लढाई एप्रिल १८१८मधली. कर्नल मॅकडॉवेलच्या तोफा उत्तर दरवाजावर चालल्या. त्या बाजूने वर जायला कातळात कोरलेला, एका वेळी एकच माणूस मावेल असा जिना. वरून दगडांचा मारा झाला आणि चढणारे मागे फिरले. तरी दुसऱ्या दिवशी, २५ एप्रिलला, किल्लेदाराने किल्ला खाली केला. पाठोपाठ आणखी १७ किल्ले शरण आले. त्यांत हरिहरही होता. त्याच्या उभ्या पायऱ्या पाहून कॅप्टन ब्रिग्ज इतका थक्क झाला की भिंतीला टेकवलेल्या शिडीखेरीज दुसरी उपमा त्याला सुचली नाही.

किल्ल्याचा पहारा संपला, मेटवरची वस्ती मात्र राहिली. ५ डिसेंबर १८५७च्या रात्री भिल्ल आणि ठाकरांच्या जमावाने त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला आणि त्यातले काही जण भोवतालच्या डोंगरांत लपले. इंग्रजांना डोंगर धुंडाळावे लागले. गॅझेटियरमध्ये ही हकिगत थोडक्यात उरकली आहे.

इंग्रजांनाही कड्यावरून फिरायला आवडे. महाबळेश्वरला त्यांनी लॉडविक पॉइंटसारखी नावे दिली; १८५०मध्ये ह्यू मॅलेट माथेरान चढला आणि पुढे तिथेही पॉइंटांची रांग लागली. सहल म्हणून कड्यावर जायचे ही रीत आपण तिथून उचलली. त्याआधी कड्यावर उभे राहणे ही चाकरी होती. पण महाबळेश्वरच्या वाटेवर मेटगुताड नावाचे गाव अजून आहे, हे मला फार बोलके वाटते.

ब्रह्मगिरीवर मात्र पॉइंट झाले नाहीत. इथे यात्रेकरू येतो तो गंगाद्वाराला. त्या चढणीच्या दगडी पायऱ्या इंग्रजी गॅझेटियरने ६९० मोजल्या आहेत. गोदावरीचे पाणी थेंबाथेंबाने ठिबकते ते पाहायचे, हात जोडायचे आणि परतायचे. याच डोंगराच्या पूर्वेला पडलेला थेंब १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळतो. पाठीमागे पडलेला वैतरणेतून अरबी समुद्राकडे जातो. वैतरणेवर धरणे झाली आणि ते पाणी मुंबईच्या नळांना आले.

मधल्या सपाटीवर ते थांबत नाही. बेसाल्ट घट्ट, मातीचा थर पातळ. दिवाळी सरता सरता धारा आटू लागतात. उन्हाळ्यात मेटघरच्या बायाबापड्या विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरतात, ही बातमी वर्तमानपत्रांत छायाचित्रासह येते. गेल्या काही वर्षांत पायथ्याशी यंत्रे लावून डोंगर पोखरल्याच्या तक्रारी झाल्या, २०२१मध्ये त्यावर आंदोलनही उभे राहिले. ते ब्रह्मगिरी वाचवण्यासाठी, गोदावरीच्या उगमासाठी होते आणि रास्तच होते. पण त्यातल्या किती भाषणांत मेटवस्त्यांचे नाव आले?

पावसाळी सहलींना येणारी मुले हल्ली या सपाटीवरून हिंडतात. वाट विचारली की मेटवरचा एखादा म्हातारा हाताने खिंड दाखवतो, आणि ती मुले वळणाआड जाईपर्यंत तिकडे बघत उभा राहतो.