एन्व्हायर्न्मेंटल व्हेंचर प्रोजेक्ट्स

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वुड्स पर्यावरण संस्थेची २००४ पासूनची बीजनिधी योजना. निरनिराळ्या विद्याशाखांतील प्राध्यापकांनी मिळून मांडलेल्या, पण बाहेरच्या अनुदानदात्यांना अद्याप धाडसी वाटणाऱ्या कल्पनांना ती साधारण दोन वर्षे पैसा पुरवते. सेनेगलमधील काम हे तिचे बोलके उदाहरण. तेथे १९८६ मध्ये डियामा धरण झाले, नदीतील कोळंबीची समुद्रमुखाकडे ये-जा अडली आणि तिचे भक्ष्य असलेल्या गोगलगायी माजल्या. त्यांच्यामार्फत शिस्टोसोमियासिस हा कृमिरोग फैलावला. कोळंबी पुन्हा सोडलेल्या गावात नव्याने होणारी लागण घटल्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. परिसंस्थातज्ज्ञ आणि रोगतज्ज्ञ यांना एकाच प्रश्नावर बसवण्याचा खर्च कोणताही एकटा विभाग सहसा उचलत नाही. योजनेचे खरे मोल तेथे. २०२२ पासून संस्था स्टॅनफर्डच्याच डोर शाश्वतता विद्यालयात समाविष्ट आहे.