झीनत अमान: कुणाची मुलगी?

मागे ठोक्यांचा आवाज येतोय तो एडिटिंगमध्ये काढलेला नाही. सोनगीरला राहायचं आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचा ठोका ऐकू यायला नको, असं कसं चालेल? ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही टाकतोय.

विषय आमच्या आजीमुळे सुचला. मी मोबाइलवर एका बाईंचा फोटो बघत होतो. सत्तरी ओलांडलेल्या, केस पांढरे, न रंगवलेले. आजी डोकावली. "हाई कोन शे रे भाऊ?" म्हटलं, झीनत अमान. आजीला 'दम मारो दम' लगेच आठवलं. म्हणाली, ती तर इंग्रज बाई होती ना?

आजीला हसू नका. पन्नास वर्षं अख्खा देश जवळपास हेच म्हणत आलाय. 'वेस्टर्न' हिरॉइन. आता खरं काय ते ऐका. झीनतचा जन्म 1951 चा, मुंबईतला. आई वर्धिनी, मराठी, हिंदू. वडील अमानुल्ला खान, सिनेमाचे लेखक. 'मुघल-ए-आझम'चे संवाद ज्या चौघांनी लिहिले, त्यांतले एक. ते 'अमान' या नावानं लिहायचे आणि लेकीनं तेच आडनाव म्हणून लावलं. म्हणजे 'अमान' हे घराण्याचं नाव नाही, बापाचं लेखणीतलं नाव आहे. आईवडील वेगळे झाले. ती तेरा वर्षांची असताना वडील गेले. पुढे आईनं एका जर्मन गृहस्थाशी लग्न केलं. शाळा पाचगणीची, मग कॉलेजसाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसला. ते शिक्षण मात्र अर्धवट राहिलं. आता सांगा, या मुलीला कुठल्या रकान्यात बसवाल?

इथं थोडं मागे जाऊ. आपल्याकडे कॅमेऱ्यासमोर उभं राहणारी बाई म्हणजे काय समजलं जायचं? 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषानं ती भूमिका केली. पुढे पडद्यावर बायका आल्या, पण पहिल्या मोठ्या नट्यांमध्ये सुलोचना होती, म्हणजे रूबी मायर्स, ज्यू घरातली. स्पर्धांचंही तसंच. 1947 ची मिस इंडिया प्रमिला, म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कोलकात्याच्या बगदादी ज्यू घरातली. 1964 ची फेमिना मिस इंडिया मेहेर मिस्त्री आणि 1965 ची पर्सिस खंबाटा, दोघी पारशी. 1966 ला मिस वर्ल्ड झालेली रीटा फारिया गोव्याच्या कुटुंबातली.

नावं बघितलीत? ज्यू, पारशी, गोव्याची ख्रिस्ती. लीला चिटणीस हा मोठा अपवाद. शिकलेली मराठी बाई 1941 मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकली, तीही सिनेमात नाव कमावल्यावर. बाकी 'चांगल्या घरांनी' आपल्या मुली पाठवल्याच नाहीत. चेहरे हवे होते, पण दुसऱ्यांच्या घरातले. आणि ते मिळाले की वर म्हणायचं, या काय आपल्यातल्या नाहीत! मला या प्रकाराचा राग येतो, लपवत नाही.

झीनत याच वाटेनं आली. अमेरिकेहून परतल्यावर आधी 'फेमिना' मासिकात पत्रकार, मग मॉडेल. सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे ताजमहाल चहा. हो, उस्ताद झाकिर हुसेन यांच्या आधी त्या चहाच्या जाहिरातीत झीनत होती! त्या काळी मॉडेलचा चेहरा गावोगाव पोचायचा कसा, हेही बघा. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1976 मध्ये. त्याआधी छापील मासिकं, भिंतीवरचे बोर्ड आणि थिएटरातल्या स्लाइडी. 1970 ला मिस इंडियाचा मुख्य मुकुट तिला मिळाला नाही, पण मनिलाला जाऊन तिनं मिस एशिया पॅसिफिक जिंकलं. असं करणारी ती पहिली भारतीय.

मग देव आनंदनं 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'त तिला घेतलं. भूमिका कुणाची? आईबाप वेगळे झालेल्या घरातली जसबीर, जी काठमांडूला जाऊन जॅनिस होते. एक मुलगी, दोन नावं. लोकांनी पडद्यावरची जॅनिस उचलली आणि तीच झीनत असं ठरवून टाकलं.

ते लेबल किती घट्ट चिकटलं होतं, याचा किस्सा तिनंच इन्स्टाग्रामवर लिहिलाय. राज कपूर 'सत्यम् शिवम् सुंदरम्'साठी चेहरा जळालेल्या खेड्यातल्या रूपाच्या शोधात होते. झीनत त्यांच्या डोळ्यासमोर होती, पण तिच्या मॉडर्न इमेजमुळे कुणी तिचा विचारच करत नव्हतं. एका संध्याकाळी ती घागरा-चोळी घालून, गालावर टिश्यू पेपर चिकटवून जळालेला चेहरा करून त्यांच्या दारात गेली. नोकराला सांगितलं, साहेबांना सांग, रूपा आलीये. राज कपूर इतके खूश झाले की बायकोला बोलावून तिच्या हातानं सोन्याची नाणी दिली. तीच साइनिंगची रक्कम. पिक्चर 1978 ला आला. बोलून पटवता आलं नसतं ते तिनं वेश बदलून पटवलं. मॉडेलचं कसब आणखी काय असतं?

फेब्रुवारी 2023 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ती इन्स्टाग्रामवर आली. सत्तरच्या दशकात सेटवर बहुतेक वेळा मी एकटीच बाई असायचे, कॅमेऱ्यामागे कायम पुरुष, अशा अर्थाचं तिनं लिहिलं. सोबतचे फोटो एका तरुण मुलीनं तिच्या घरी काढलेले. लाइटिंग नाही, मेकअपवाला नाही. त्याच वर्षी ती लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर चालली.

हे सगळं आजीला सांगितलं, थोडं वाढवून-चढवून. आई मराठी होती म्हटल्यावर तिनं फोन मागून घेतला. चष्मा लावला, फोटो मोठा करायला लावला, बराच वेळ बघितला. मग म्हणाली, केस मात्र छान राखलेत हो बाईनं.