गुराब आणि गलबत : कुलाब्याच्या आरमाराची जोडी

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या आश्रयाने सरखेल कान्होजी आंग्रे यांनी जे आरमार चालवले, त्याची मुख्य भिस्त गुराब आणि गलबत या दोन प्रकारच्या जहाजांवर होती. या दोहोंची मापे इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिली आहेत. तो आंग्र्यांचा मित्र नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या वर्णनात ओघाने आलेली दाद अधिक विश्वसनीय वाटते.

गुराब हे लढाऊ जहाज बहुधा दोन डोलकाठ्यांचे आणि सुमारे १५० टन भाराचे असे. तीन डोलकाठ्यांचे गुराब ३०० टनांपर्यंत जात. लांबीच्या मानाने रुंद बांधणीमुळे त्याचा तळ पाण्यात फारसा खोल जात नसे. त्याची नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लांब व निमुळती असून तिच्यावरून पुढे मारा करणाऱ्या ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा मागच्या आडभिंतीतील झरोक्यांत बसवलेल्या असत, तर दोन्ही बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा असत. समोरून लाटा आल्या की हे जहाज जोराने हेलकावत असे; त्यामुळे नाळेवर चढलेले पाणी तत्काळ ओसरून जावे म्हणून तिच्या कडांना कठडाच ठेवलेला नसे.

गलबत याच घडणीचे, पण लहान. मोठ्यातले मोठेही सहसा ७० टनांच्या वर जात नसे. त्याच्या मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे. लहान गलबतांवर वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी घालत आणि काठावर जंबुरे, म्हणजे खुंटीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा, बसवत. मोठ्यांवर २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफा असत. मात्र त्याचे खरे बळ ४० ते ५० वल्ह्यांत होते, कारण त्यांच्या जोरावर ते वारा नसतानाही ताशी ४ मैल जाऊ शके.

केवळ तोफा मोजल्या तर गुराब श्रेष्ठ ठरेल, पण अशी तुलना अपुरी आहे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. गुराब सावजाच्या पिछाडीस राहून, त्याच्या तिन्ही डोलकाठ्या एका रेषेतून किंचित सुटलेल्या दिसू लागल्या की नेम धरीत, म्हणजे गोळा एकीला नाही तर दुसरीला लागे. जहाज पंगू झाल्यावरही ते शरण आले नाही, तर प्रत्येकी दोन-तीनशे माणसे भरलेली गलबते त्यास चहूकडून भिडत. उथळ किनाऱ्यावर हलक्या नावांचा हा उपयोग शिवकालातच सिद्ध झाला होता : १६७९ साली थळसमोरच्या खांदेरी बेटाला इंग्रजांनी वेढा घातला असता मराठ्यांच्या छोट्या नावा रात्रीच्या अंधारात तेथे रसद पोचवत होत्या.

आंग्र्यांच्या पराक्रमाच्या वर्णनांत या जोडीची मर्यादा मात्र बहुधा राहून जाते. तिचे सामर्थ्य हालचालीत होते, नांगरावर नव्हते. कान्होजींच्या मृत्यूनंतर, १७२९ पुढे, त्यांच्या पुत्रांत फूट पडली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्याच्या वेळी विजयदुर्गच्या खाडीत त्या पुत्रांपैकी तुळाजी आंग्र्यांचे गुराब एकमेकांना बांधून उभे असताना, इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती एकामागून एक सगळ्या आरमारात पसरली.