वैद्यकीय वाङ्मयाच्या सूची व शब्दांचा मेळ

हस्तलिखितांच्या बाडांत वावरणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव परिचयाचा आहे. आपण ज्या शब्दानें शोध करितों तो मूळ लेखकानें वापरलेलाच नसतो. त्यामुळें कागद दप्तरांत असूनहि हातीं लागत नाहीं. हीच अडचण अर्वाचीन वैद्यकीय वाङ्मयाच्या सूचींत कशी उपस्थित झाली व तिचा परिहार कसा करण्यांत आला, हें थोडक्यांत पाहण्याचें योजिलें आहे.

प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं. २००१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दम्याविषयींच्या एका प्रयोगांत हेक्सामेथोनियम नांवाचें औषध श्वासावाटे घेतलेली चोवीस वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका फुप्फुसें निकामी होऊन मरण पावली. या औषधानें फुप्फुसांस अपाय होतो असे लेख १९५० नंतरच्या दशकांत छापून आलेले होते. संशोधकांनीं पाहिलेली ‘पबमेड’ ही सूचि मात्र त्या वेळीं १९६६ पलीकडे मागें जात नव्हती. लेख होते, वाट नव्हती.

ही वाट बांधण्याचा इतिहास जुना आहे. वॉशिंग्टन येथील सर्जन-जनरलच्या ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं रॉबर्ट फ्लेचर यांच्या साह्यानें १८७९ मध्यें ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूचि सुरू केली, आणि १८८० मध्यें ग्रंथालयाच्या बृहत्सूचीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढें हेंच ग्रंथालय ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ या नांवास चढलें. त्यानें १९६० मध्यें ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’, संक्षेपानें ‘मेश’, हा शब्दकोश काढिला. त्याची रीति आपल्या निघंटूंच्या उलट आहे. निघंटु एका वस्तूचे अनेक पर्याय समान मानानें सांगतो. मेश त्यांतील एकास गादीवर बसवितो व इतरांस त्याच्याकडे बोट दाखविण्याचें काम देतो.

परंतु गाद्या दोन झाल्या. आम्स्टरडॅम येथें १९४६ मध्यें ‘एक्सर्प्टा मेडिका’ ही संस्था निघाली. तिच्या परंपरेंतील ‘एम्बेस’ या सूचीचा ‘एमट्री’ नांवाचा स्वतंत्र कोश आहे. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या विकारास मेश ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ म्हणतो, तर एमट्री ‘हार्ट इन्फार्क्शन’. येथें केवळ शब्दास शब्द लावून भागतें. स्तनाच्या कर्करोगाविषयीं तसें भागत नाहीं. मेशमध्यें ‘ब्रेस्ट कॅन्सर’ हा शब्द ‘ब्रेस्ट निओप्लाझम्स’ या मथळ्याकडे नेतो, आणि त्या मथळ्याखालीं निरुपद्रवी गांठीहि येतात. एमट्रींत कर्करोग व गांठ यांचे मथळे निराळे आहेत. म्हणजे एका सूचींतील एक पद दुसरींतील दोन पदांएवढें भरतें. त्यांस समान मानून चालणारा कांहीं लेखांस मुकतो, किंवा नको त्यांचा ढीग घरीं आणितो.

शब्द एक व अर्थ अनेक, हा दुसरा पेंच. अमरकोशांत ‘अमृता’ हें नांव गुळवेल, हिरडा व आंवळी या तिहींस दिलेलें आहे. पाठांत नुसतें ‘अमृता’ आलें असतां प्रकरण पाहूनच निर्णय करावा लागतो. इंग्रजींतहि ‘कोल्ड’ हीं अक्षरें पडसें, थंडी आणि संक्षेपरूपानें फुप्फुसांचा एक जुनाट अवरोधक रोग, अशा तिहींस लागतात. यासाठीं वरील ग्रंथालयानें १९८६ मध्यें एका एकीकृत कोशाचें काम हातीं घेतलें. त्यांत शब्दास नव्हे, तर अर्थास क्रमांक मिळतो. निरनिराळ्या कोशांतील समानार्थक पदें एका क्रमांकाखालीं येतात आणि भिन्नार्थक एकच पद अनेक क्रमांकांखालीं विभागलें जातें.

तिसरा पेंच काळाचा, व तो आपल्या विशेष ओळखीचा. ‘एड्स’ या रोगाचें वर्णन १९८१ मध्यें प्रथम छापलें गेलें, पण मेशमध्यें त्याचें पूर्ण नांव १९८३ मध्यें आलें. त्यापूर्वींचे लेख अधिक व्यापक मथळ्यांखालीं गेले. १९४६ ते १९६५ या काळांतील सुमारें वीस लाख नोंदी पुढें संगणकावर चढविण्यांत आल्या, तेव्हां त्यांवरील मथळे त्या त्या काळचे होते. ते काढून टाकून नवे घातले असते तर काम सोपें झालें असतें. ग्रंथालयानें तसें केलें नाहीं. जुनें पद स्वतंत्र रकान्यांत जसेंच्या तसें ठेवून त्यास प्रचलित मेशमधील पद जोडण्याची पद्धति त्यानें स्वीकारली.

वैद्यक पोथ्यांच्या याद्या करणारांनीं हा धडा घ्यावा. पोथींत ‘राजयक्ष्मा’ असतां यादींत केवळ ‘ट्यूबरक्युलोसिस’ लिहिणें हें भाषांतर नसून निदान आहे, व तेंहि रोगी न पाहतां केलेलें. रोगाचा जंतु कॉख यांनीं १८८२ मध्यें दाखविला. त्याआधींचें कोणतेंहि नांव जंतूच्या ज्ञानावर बेतलेलें नव्हतें. म्हणून मूळ पद प्रथम, पोथींतील शुद्धाशुद्धासह लिहावें; आजचें पद त्याशेजारीं, तें आपलें आहे असें स्पष्ट दिसेल अशा रीतीनें द्यावें; आणि दोहोंची व्याप्ति सारखी नसेल तर तसें नमूद करावें. जोडलेला शब्द चुकला तर पुढील संशोधक तो सुधारील. पुसलेला शब्द कोणासहि परत आणितां येणार नाहीं.